फान ताईंच्या आखूड आज्ञा

शिन-चू शहरातल्या ज्या कंपनीत मी वीस वर्षं काढली, तिथे फान युए-चिन माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. पदवी संध्याकाळच्या कॉलेजची, काम चिपमधल्या चुका शोधण्याचं. बोलणं मोजकं, पण एकदा बोलल्या की मागे हटायच्या नाहीत.

आम्ही श्रवणयंत्राची चिप बनवत होतो. बॅटरी पाच दिवसांत मान टाकायची. गिऱ्हाइकाला सात दिवस हवे होते. चिपचा वेग कमी केला की आवाज अडखळायचा. सगळे हैराण. ताई मात्र महिनाभर एकच गोष्ट मोजत बसल्या: चिप कोणती आज्ञा किती वेळा पाळते.

बैठकीत त्या उठल्या. "आपण चिपला एकशेचाळीस आज्ञा शिकवल्यात. त्यातल्या चोवीसच बहुतेक सगळं काम करतात. आज्ञा मेमरीतून आणायची म्हणजे दर वेळी वीज जाते. या चोवीस निम्म्या लांबीच्या करा, एका खेपेत दोन येतील."

मुख्य अभियंता कू साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "ताई, तुमचं काम चुका शोधायचं. आज्ञा ठरवायचं नाही."

"चूकच शोधलीय, साहेब. यावेळी ती तुमच्या टेबलावर सापडली, एवढंच."

मग कू साहेबांनाच हसू फुटलं. "बरं, घ्या सहा आठवडे."

संगणकावरचा पहिला प्रयोग सपशेल फसला. आखूड आज्ञेत फार काही मावेना. एका कामाला तीन-तीन आज्ञा लागायला लागल्या.

"काय ताई, वीज वाचली का?" कू साहेबांनी विचारलं.

"वाढली," त्यांनी सरळ सांगितलं आणि पुन्हा आकडे काढले. नऊ आज्ञा मूळ लांबीवर नेल्या, सहा नव्या आखूड केल्या. यावेळी जमलं.

खरी चिप हातात आली तेव्हा नोंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं. बॅटरी आठव्या दिवशी दुपारी संपली. मी वही घेऊन अख्ख्या मजल्यावर फिरलो, जणू पराक्रम माझाच! चिपच्या माहितीपुस्तकात कू साहेबांनी स्वतःच्या आधी ताईंचं नाव घातलं.

ताईंना बढती मिळाली, नव्या पदाची व्हिजिटिंग कार्डं छापून आली. पहिलं कार्ड त्यांनी कंपनीच्या फाटकाबाहेर मांसाच्या गोळ्यांचं सूप विकणाऱ्या मावशींना दिलं.

"आता काय करतेस गं तू?" मावशींनी विचारलं.

"आज्ञा ठरवते."

"घरीसुद्धा?"

"घरी अजून कोण किती पाळतं ते मोजतेय," ताई म्हणाल्या आणि आम्हा सगळ्यांसाठी सूप मागवलं.