निळ्या बॅटचा नंबर

आर्लीन टॉलेफसनने सव्वीस वर्षं बेटाच्या फेरीबोटीत गाड्या चढवल्या. ट्रक मधे, छोट्या गाड्या कडेला, सायकली सगळ्यांच्या आधी; तिच्या हाताच्या इशाऱ्यावर भलेभले मुकाट्याने आत जात. "मागून भाऊ येतोय, त्याची जागा धरलीय" असं म्हणणाऱ्याला ती थेट रांगेच्या शेवटी पाठवायची. एकदा तर सख्ख्या नवऱ्याला पाठवलं होतं. आयनारने ती गोष्ट मरेपर्यंत दर ख्रिसमसला जेवणाच्या टेबलावर सांगितली.

असल्या बाईने बहात्तराव्या वर्षी खोटं लिहावं, हे कुणाला खरं वाटलं नसतं. पण ती लिहीत होती, आणि तेही दर गुरुवारी.

बागेत पूर्वी टेनिसची दोन कोर्टं होती. तीन वर्षांपूर्वी एकावर नव्या रेघा मारून पिकलबॉल नावाच्या नव्या खेळाची चार छोटी कोर्टं केली. आता दुसऱ्याच्या कुंपणावर बागेच्या समितीने कागद टांगला होता: टेनिस खेळणाऱ्यांनी नाव आणि वेळ लिहावी, उन्हाळाभर पुरेशी माणसं दिसली नाहीत तर सप्टेंबरात हेही कोर्ट बदलू. आर्लीन दोरीला बांधलेली पेन्सिल घेऊन लिहायची, "नऊ ते साडेदहा. आर्लीन आणि मित्झी." मग बादलीभर चेंडू घेऊन एकटीच सर्व्हिस मारायची, पलीकडे जाऊन ते गोळा करायची आणि तिकडून इकडे मारायची.

मित्झी हमादा त्या वेळी कुंपणापलीकडे पिकलबॉल खेळत असायची.

एकतीस वर्षं दोघींनी गुरुवार चुकवला नव्हता. पाऊस पडून गेलेला असला तर आधी लांब दांड्याच्या रबरी पुसणीने पाणी ओढायच्या आणि मग खेळायच्या. मित्झी चणीने एवढीशी, पण तिचा बॅकहँड असा, की आर्लीन कोपऱ्यात पोचेपर्यंत चेंडू कुंपणाला लागलेला असे. आयनार गेला त्या आठवड्यातही आर्लीन कोर्टावर आली होती. मित्झीने सांत्वनाचा एक शब्द काढला नाही, नुसतं तिला दीड तास पळवलं. त्या दिवशी आर्लीनला पहिल्यांदा धड झोप लागली.

मग मित्झीचा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी धावणं बंद केलं. वसंतात ती खांद्याला पिकलबॉलच्या बॅटची छोटी पिशवी लावून आली, तेव्हा आर्लीनला बोलल्यावाचून राहवलं नाही.

"हे काय टेनिस आहे? पिंगपाँगच्या टेबलावर चढून खेळल्यासारखं दिसतं. सर्व्हिस खालून, चेंडू प्लास्टिकचा, त्यालाही भोकं."

"माझ्या गुडघ्याला आवडतं," मित्झी म्हणाली. "आणि बोलता येतं गं. तिकडे तू पार अठ्ठ्याहत्तर फुटांवर. एकतीस वर्षांत खेळताना आपण बोललो काय? 'आउट'."

"पुरे होतं की तेवढं."

"तुला होतं."

ते आर्लीनला लागलं. खेळ लहान की मोठा, यावर ती कितीही वाद घालायला तयार होती. तिचं दुखणं निराळं होतं. टेनिसला ठरलेलं माणूस लागतं. ते आलं नाही तर खेळ नाही. पिकलबॉलला कुणीही चालतं. आल्यावर बॅट रॅकमध्ये खोचायची, पहिल्या चार बॅटी ज्यांच्या ते चौघं खेळणार, डाव संपला की बॅट पुन्हा शेवटी. पंधरा मिनिटांचे सोबती. जिथे कुणीही चालतं तिथे आपण नसलो म्हणून कुणाचं काय अडतं, असं तिला वाटे, आणि वाटलं की ती पुढची सर्व्हिस जरा जास्तच जोरात मारी.

जुनी खोड म्हणून तिचं लक्ष त्या रॅककडे जाई. तिथे तिला लबाडी दिसली. एक निळी बॅट सरकत सरकत पुढे यायची, तिचा नंबर लागायचा, आणि खेळायला कुणीच यायचं नाही. थोड्या वेळाने पाहावं तर बॅट पुन्हा शेवटी.

"कुणीतरी कुणाची तरी जागा धरतंय," तिने कुंपणापाशी पाणी पीत उभ्या असलेल्या नॉर्म पुल्व्हरला सुनावलं. नॉर्म म्हणजे गावाचा निवृत्त प्लंबर. "माझ्या बोटीवर असती तर शेवटी पाठवली असती."

"शेवटीच जाते बिचारी," नॉर्म म्हणाला. "दर वेळी." तो आणखी काही बोलणार होता, पण नुसतीच बाटली बंद करून गेला.

ऑगस्टचा शेवटचा गुरुवार उजाडला. कागदावर अकरावी ओळ लिहून आर्लीनने सर्व्हिस सुरू केली. तिसरा चेंडू कुंपणावरून उडाला आणि थेट पलीकडच्या रॅकखाली जाऊन थांबला. ती घ्यायला गेली, वाकली, आणि निळ्या बॅटची मूठ तिच्या डोळ्यांसमोर आली. मुठीवर पांढरी पट्टी होती. पट्टीवर मित्झीच्या बारीक, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'आर्लीन'.

"आता कळलं?" बाकावरून नॉर्म म्हणाला. "सकाळी आली की मित्झी आधी ती खोचते, मग स्वतःची. नंबर लागला की म्हणते, येईलच ती. आणि मागे नेऊन ठेवते. आम्ही आता विचारतही नाही."

आर्लीनचे डोळे भरून आले. चेंडू तिथेच सोडून ती कुंपणाशी परत गेली. पेन्सिल घेतली आणि अकराही ओळींतलं मित्झीचं नाव एकेक करून खोडलं. उरलं काय, तर बादली घेतलेली एक म्हातारी. तेवढ्यासाठी समिती कोर्ट ठेवणार नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मागे वळून तिने त्या हिरव्या कोर्टावरून एकदा नजर फिरवली. जीव तुटला, पण पेन्सिल सोडून ती पलीकडे गेली.

डाव संपवून मित्झी घाम पुसत बाहेर येत होती. नॉर्मने रॅकमधून पहिल्या बॅटी काढल्या. "निळी," तो म्हणाला.

आर्लीनने हात पुढे केला.

"उशीर केलास," मित्झी म्हणाली.

"रांगेत होते."

नॉर्मने स्वतःची बॅट मागे खोचली आणि मित्झीला म्हणाला, "माझ्या नंबरवर तूच खेळ." रांग ढळढळीत मोडली होती. आर्लीनने ते पाहिलं आणि जाऊ दिलं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच दोघी जाळीच्या एकाच बाजूला उभ्या होत्या. पहिलाच चेंडू आला तसा आर्लीनने सवयीने खांद्यापासून हात फिरवला. चेंडू कुंपणावरून उडाला आणि टेनिसच्या रिकाम्या कोर्टावर टपटपत गेला.

"आउट," अगदी तिच्या कानाशी मित्झी म्हणाली.