शेकोटीजवळची जागा

माझ्या पात्राचे केस पहिल्यांदा पांढरे झाले तेव्हा मी चांगलीच चिडले होते. मोबाइलवरच्या खेळात तरी म्हातारपण कशाला हवं? ते काय घरी फुकट मिळत नाही का?

शिक्रापुरात माझी खानावळ होती. कारखान्यांत कामाला असणारी, आसपासच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी पोरं माझ्याकडे जेवायची. नवरा गेल्यावर आमचं गाव भांडगाव सोडून मी तिथं भाकऱ्या थापायला बसले आणि त्यावर मुलगा वाढवला. दुपारची जेवणं उरकली की सुट्टी असलेली पोरं तिथंच भिंतीला टेकून खेळत बसायची. कानात इअरफोन आणि तोंडानं आरडाओरडा. "डाव्या अंगानं ये", "मेलो, मेलो". एकदा मी वैतागून म्हटलं, हा रोज मरतो तो नेमका कुठं मरतो ते मला दाखवा तरी. त्यांनी दाखवलं आणि मग मीच अडकले.

खेळ तसा सोपा. एक वस्ती, तिच्याभोवती रान, रानात राक्षस. आपण एक पात्र घ्यायचं, टोळी करून रानात जायचं, राक्षस मारायचे आणि मिळेल ते वस्तीवर आणायचं. मी तिरंदाज बाई घेतली. विशीतली, कंबर एवढीशी. पोरं हसायला लागली. मी म्हटलं, हसताय काय, मी जन्माला आले तेव्हा अशीच गोल होते का रे?

या खेळात पात्रांचं वय वाढतं. आपले थोडे दिवस गेले की त्यांचं एक वर्ष होतं. आधी ताकद चढत जाते, मग पळणं मंदावतं, नेम हलायला लागतो. त्या बदल्यात जाण वाढते. कुठं सापळा आहे, कोणत्या झाडामागं काय दडलंय, हे जुन्या पात्राला आधी दिसतं. पण पोरं तोवर थांबतच नसत. केस पिकायला लागले की जुनं पात्र सोडायचं आणि नवं, कोवळं घ्यायचं. मला काही ते जमेना. एवढं जीव लावून वाढवलेलं माणूस चार केस पिकले म्हणून टाकून द्यायचं? त्यामुळं आमच्या टोळीत म्हातारं पात्र एकच, माझं. आणि म्हाताऱ्या पात्राचं पुढं काय होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

टोळीचा म्होरक्या शिरूरकडच्या खेड्यातला पोरगा, कारखान्यात मशीनवर काम करणारा. त्याच्या खोलीतच राहणारा बिहारचा एक वेल्डर. एके दिवशी रानात शिरताना माझी म्हातारी मागं पडली. म्होरक्यानं सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, "मावशी, तुमी बसा शेकोटीपाशी. आमी हाय न्हवं."

खरं सांगते, मला बरं वाटलं. वस्तीच्या मधोमध शेकोटी असते, तिच्याशेजारी बसायला दगड. तिथं मला बसवलं. रानातून आले की आधी माझ्यापुढं फळं, मांस, लुटीतला चांगला वाटा. वेल्डर तर येता-जाता आपल्या पात्राला माझ्यापुढं वाकवायचा. "मौसी, आप बस आशीर्वाद दीजिए." खेड्यातली पोरं ती. म्हातारं माणूस हातात खुरपं घेऊन उठलं की ते काढून घ्यायचं आणि त्याला बाजेवर बसवायचं, ही रीत त्यांच्या अंगातच. ती खेळात तरी कुठं जाणार?

त्याच सुमाराला माझा गुडघा सुजला. लग्नानंतर भांडगावात शेती बघायला परतलेला मुलगा गाडी घेऊन आला. "आये, आता बास झालं. लोकं तोंडावर इचारत्यात, आईला अजून भाकऱ्या थापाया लावतोस व्हय म्हणून. चल, थोडं दिस आराम कर." मी म्हटलं, सूज उतरेपर्यंत येते. खानावळीची किल्ली त्याच्याकडं दिली. पोरांना सांगितलं, तोवर कुठंतरी जेवा, मी ही आलेच.

भांडगावात ओट्यावर माझी खुर्ची मांडली. सून भली आहे, तिच्याविषयी वाकडं बोलले तर माझी जीभ झडेल. पण मी मेथी निवडायला घेतली की जुडी उचलून न्यायची. पाण्याला उठले की तांब्या हातात आणून द्यायची. "आई, बसा हो तुम्ही." तिनं टाकून बोललं असतं तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण एवढ्या मायेनं कुणी खुर्चीत बसवत असेल तर भांडायचं कुणाशी? गुडघ्याची सूज उतरली. मी रोज जायचं काढायचे आणि मुलगा रोज म्हणायचा, "जाऊ की, घाई काय हाय?" हायवेवरनं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकत मी बसून राहायचे, आणि फारच कंटाळा आला की मोबाइल उघडून शेकोटीजवळ बसलेल्या म्हातारीकडं बघायचे.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. पोरं खेळात आलेली होती. मी कुणाला न विचारता म्हातारीला उठवलं आणि रानाकडं चालवलं. वेशीपर्यंत जाताजाता तिला धाप लागली. धनुष्य ओढायला गेले तर दोरी अर्ध्यावरच सुटली. सगळ्यांच्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. खेळता खेळता एकमेकांशी बोलता यायचं, तसं मी म्होरक्याला म्हटलं, काय लिहिलंय ते वाच. त्यानं वाचलं आणि अडखळत सांगितलं. म्हातारं पात्र जितके दिवस वस्तीत बसून राहील तितकी त्याची ताकद जाते, आणि अशी गेलेली ताकद परत येत नाही. रोज थोडं रानात हिंडवलं असतं तर ती टिकली असती.

"मावशी, आमाला ठावं न्हवतं वो," तो म्हणाला. "आमी तर तुमास्नी जपत हुतो." त्याचा आवाज रडवेला झाला होता. मी म्हटलं, अरे वेड्या, खेळ आहे तो.

"ते मरू दे," मी म्हटलं. "मी सोमवारी येते. खानावळ उघडायची आहे, तेवढं बाजरीचं पीठ दळून ठेवा."

मला वाटलं रेंज गेली. मग वेल्डर हळूच म्हणाला, "मौसी, वो कमरा तो खाली हो गया. भैया आए थे. आपको बताया नहीं?"

"गप की," म्होरक्या त्याच्यावर ओरडला. "मावशीच्या जिवाला घोर कशाला लावतोस?"

म्हणजे मुलानं खानावळीची खोली सोडली होती. तवे, पातेली, पिठाचे डबे, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं होतं. मुलाला ठाऊक होतं, पोरांना ठाऊक होतं. मला त्रास नको म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं नाही. राग आला.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. "आई, काय हवंय?" सून म्हणाली. "परात," मी म्हटलं. माझा चेहरा बघून तिनं ती मुकाट्यानं दिली. पीठ मळलं. तळव्याला सगळं आठवत होतं, मनगटाला नव्हतं. भाकरी थापली, उचलली, आणि तव्यावर टाकताना ती मधोमध फाटली. माझी भाकरी मोडल्याचं मला आठवत नाही. दुसरीही तशीच गेली.

मुलगा रानातून जेवायला आला. मी त्याच्या ताटात ती मोडकी भाकरी वाढली आणि विचारलं, "खोली सोडलीस माझी?"

त्यानं मान खाली घातली. "सांगणारच हुतो, आये." मग त्याचं लक्ष ताटाकडं गेलं. भाकरीचे तुकडे त्यानं बोटानं जुळवून बघितले, आणि त्याचे डोळे भरून आले. "बघ की," तो म्हणाला, "हातात जोर ऱ्हायला न्हाई तुझ्या. म्हणून तर म्हणतो आये, बस आता."

त्यानं मला उठवायला हात पुढं केला. मी तो बाजूला सारला आणि परातीत पुन्हा पीठ घेतलं.