जानकीचं भिरंडेल आणि गोकुळदासची म्हस

"व्हिडिओत मी काय सांगू? ह्यां तेल आमी कधीच जनावराक लावक नाय म्हणान? अगो संजना, म्हशीक लावल्याबिगर मी ह्यां माणसाक देवकच नाय कधी."

"काकी, डबयेर तसांच छापलां. ससो पण काढलो आसा."

"ससो कित्याक?"

"तेका तरास देवक नाय म्हणान."

"मगे म्हशीक खंय तरास झालो? ती पाय फाकवून उभी रवता."

इब्रामपूरची जानकी भिरंडेल करते. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बिया सुकवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर येईल ते तेल काढून थिजवायचं आणि मुठीएवढे गोळे वळायचे. बुधवारी डिचोलीच्या बाजारात ती बसली की आधी गोठेवाले येतात, फुटक्या टाचांच्या बायका मागून. शेजारची संजना आता क्रीम करून विकू लागली होती आणि डबीवर ‘जानकी आजीचं शुद्ध नैसर्गिक’ म्हणून हिचा फोटो येणार होता. ‘आजी’वरून जानकी रुसली होती. पण फोटो हवा होता. बाजारात समोर भिरंडेलच घेऊन बसणाऱ्या मालतीला तो बघून घास गिळवणार नाही, एवढ्यासाठी तरी हवाच होता.

"एका गोळ्यात किती डबयो होतत गो?"

"हजारेक."

"आणि डबयेत बाकीचां काय?"

"क्रीमचो बेस," म्हणून संजनाने मोबाईल वर धरला.

जानकीने पदर सारखा केला, गोड हसली. "ह्यां आमचां भिरंडेल. ह्यां जनावरांक..."

"जानके, एक गोळो दी गो," कुंपणापलीकडून गोकुळदास बोलला. "म्हशीच्या सडांक भेगो पडल्यो. हात लावूक दिना."

संजनाने त्याला गप्प राहायची खूण केली. "काकी, तेका मागीर दी."

जानकी घुटमळली. डबीवरचं आपलं तोंड तिला दिसायला लागलं होतं. पण गोकुळदास म्हणजे चालता बाजार, ऐकलेलं गावभर करणारा. हिने जनावराचं नव्हे म्हटलं की बुधवारी एक गोठेवाला पुढ्यात उभा राहायचा नाही.

"तुजी क्रीम हाड," ती म्हणाली. "नाव माजां, मगे रीतय माजी. पयली म्हशीक. ती उभी रवली तर तू म्हणशील तां बोलतंय."

तिघं गोठ्यात गेली. म्हशीने गुलाबाचा वास हुंगला, शिंकली, आणि संजनाचं बोट सडाला लागायच्या आत अशी लाथ झाडली की डबी शेणात.

"तिका सवय नाय," संजना ड्रेस झटकत म्हणाली.

"तिका भिरंडेल कळता."

"बरां. मगे मालतीकाकीचो फोटो लावतंय."

जानकीने शेणातली डबी उचलून संजनाच्या हातात ठेवली. "लाव," ती म्हणाली. "हसताना दात झाकूक सांग तिका."

गोकुळदासच्या हातात गोळा ठेवून ती परत आली, चुलीपुढे उकिडवी बसली आणि टोपावर आलेला तवंग पळीने कडेला ओढू लागली.