खिडकीजवळचं टेबल

ऐंशीच्या सुमारास गंगापूर रोडला एक छोटं फ्रेंच हॉटेल निघालं होतं. फ्रेंच म्हणजे काय, तर मालक बरीच वर्षं जहाजावर आचारी होते आणि तिकडे शिकलेलं इथे पाच टेबलांवर मांडून बसले होते. लाल चौकड्यांचे टेबलक्लॉथ, आणि प्रत्येक टेबलावर काचेच्या बाटलीत फुलं. ती फुलं माझ्या आईची.

आमचा मळा मखमलाबादला. रोज सकाळी आई पाटीतून फुलं न्यायची, स्वतः बाटल्या धुऊन भरायची. मालकांची अट एकच होती. फुलांना वास नको, जेवणाचा वास मारला जातो. आईला ही अट भारी आवडली. तिने निशिगंधाचा वाफा मोडून खास त्यांच्यासाठी ॲस्टर लावली. "जेवणाची एवढी कदर करणारा माणूस पाहिला नाय," म्हणायची. मग हळूच, "एकदा त्या खिडकीपाशी बसून खायचंय. रस्ता समदा दिसतो तिथून."

मला शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराचं जेवण तिथेच, हे मी ठरवूनच टाकलं. आईने ठेवणीतलं लुगडं काढलं. संध्याकाळी आम्ही दोघी गेलो तर खिडकीजवळचं टेबल रिकामं. दुसऱ्या एका टेबलावर दोन पुरुष सिगारेटी फुंकत होते, बाकी कोणी नव्हतं. निशिगंधाचा वास चालत नव्हता, धूर मात्र चालत होता!

आम्ही खुर्च्या ओढतोय तोच मालक लगबगीने आले.

"मावशी, इथे नको. लेडीज आहात, सोबत कोणी नाही. आत फॅमिली रूम आहे, निवांत बसा."

हसून म्हणाले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. अहो, हिची फुलं दर्शनी टेबलावर मिरवता, आणि ही स्वतः बसली की तुमच्या हॉटेलची अब्रू जाते? पण हे सगळं मला आज सुचतंय. तेव्हा मी काय म्हणाले? "बरं." अख्ख्या वर्गाला दटावणारी मी, "बरं" म्हणाले.

फॅमिली रूम म्हणजे मोरीशेजारी प्लायवूड ठोकून केलेलं खोपटं. पिवळा बल्ब, खिडकी नाही. टेबलावर फुलं नाहीत, कारण इथली बाटली आईकडे कधी दिलीच नव्हती. बाहेरचे ते दोघे वळून बघत होते, म्हणून मी उठून दाराचा पडदा ओढून घेतला. कांद्याचं सूप आलं, वर पाव आणि चीज. आईने दोनदा चव घेतली. "कांदा लय येळ परतलाय. घाई नाय केली," म्हणाली. सूप खरंच चांगलं होतं, याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी शाळा दुपारची होती, म्हणून सकाळी मीही तिच्याबरोबर गेले. आईने पाचही बाटल्या भरल्या. मग खिडकीजवळची खुर्ची ओढली, पाटी पायाशी ठेवली आणि बसली.

"मावशी, काय झालं?" मालकांनी विचारलं.

"सूप आणा."

"अहो, अजून शेगडी पेटली नाही."

"पेटू द्या. मला घाई नाय."

मालक माझ्याकडे बघायला लागले, मी समजूत घालीन या आशेने. मी आईसमोर जाऊन बसले. बराच वेळ गेला, पण सूप आलं. दूधवाले, शाळेची पोरं, कोबीने भरलेला टेम्पो असं सगळं बघत आईने ते शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.

परतताना माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. तो माणूस कसा ढोंगी, कसा हलकट, उद्यापासून त्याला एक फूल द्यायचं नाही. आईने निम्म्या वाटेपर्यंत ऐकून घेतलं. मग रिकामी पाटी या काखेतून त्या काखेत घेतली.

"त्यानं आत बसा म्हटलं, त्याचं मी बघून घेतलं," ती म्हणाली. "पण पडदा तर तू ओढलास ना गं?"