शेजारणीचा कालचा कटला

इंदापूरच्या बाजारात ती माझ्या शेजारी मासे विकते. कुणी विचारलं नाही तरी सांगते, "चिलापी उजनीची, आज पहाटंची. कटला कालचा, बर्फातला हाय." तरी गिऱ्हाईक तिच्याकडंच जातं. माझा नुसता जळफळाट होतो.

परवा एका तात्यांनी तिला गाभोळीचा मासा मागितला. ती म्हणाली, "न्हाय तात्या. अंडी घालायचं दिस हायेत. आत्ता धरलं तर फुडं धरणात मासा ऱ्हाईल का?"

माझ्याकडं तसे दोन होते. "हितं हायेत की!" मी ओरडले.

तात्यांनी तिलाच विचारलं, "ताजं हायेत का?"

तिनं वाकून पाहिलं. "व्हय, एकदम ताजं. पर अंड्यांवरचं हायेत."

तात्या तिचा कालचा कटला घेऊन गेले. ती एक शब्द खोटं बोलली असती, तर मी भांडले तरी असते.