दोन मजल्यांमधला फेरा

माझी बायको सरकारी कचेरीत राउटर, म्हणजे संगणकांचे निरोप पुढं धाडणारी यंत्रं, सांभाळायची. मी गौलीगुड्याच्या बाजारात हमाली केलेला, चौथी शिकलेला. राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा हिमायतनगरातली तिची कचेरीही वाटली गेली. खालचा मजला तेलंगणाचा, वरचा आंध्राचा. तिचं नाव कुठल्या बाजूला, ते ठरेना. नेमकी तेव्हाच तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या खर्चाला कचेरीची मंजुरी लागत होती.

ती अंथरुणावर, म्हणून कागद घेऊन मी गेलो. खालचा कारकून म्हणाला, "चाचा, ऊपर जाओ." वरचा म्हणाला, "हमारा नै है, नीचे पूछो." हप्त्यावर हप्ते गेले.

मलकपेठला घरी येऊन मी दोघांना आईबापावरून शिव्या घातल्या. ती पडल्या पडल्या हसली.

"अहो, आमच्या राउटरांचंही असंच होतं. हातानं वाट लिहून दिली की राउटर तीच धरतो. दोघांत एकमेकांचीच वाट लिहिली गेली, तर निरोप ह्याच्याकडून त्याच्याकडं फिरत राहतो."

"किती फिरतो?"

"त्याच्यावर आकडा असतो. दर राउटरला एक कमी. शून्य झाला की निरोपच टाकून देतात."

मी मंजुरीच्या कागदावरची तारीख बघितली. आपण काय बोलून गेलो ते तिलाही कळलं.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"थोडे राउटर असले तर हातानंच नीट लिहितो. पुष्कळ असले तर त्यांना आपसात बोलायला लावतो. शेजारी शेजाऱ्याला सांगतो, माझ्याकडून इथं जाता येतं, किंवा ती वाट आता बंद झाली. मग ते आपापली वाट बदलतात. तुमचे ते दोघं कधी बोललेत का एकमेकांशी?"

"कशाला बोलतील? चहासुद्धा वेगवेगळ्या ठिकाणी पितात."

दुसऱ्या दिवशी मी खालच्या कारकुनाचा दंड धरला.

"छोडो चाचा, इज्जत का सवाल है!"

"तुझी इज्जत मागून बघू. जिना चढ."

वरच्याच्या टेबलावर कागद ठेवला आणि दारात उभा राहिलो. आधी दोघं पंख्यावरून भांडले, कुणाचा कुणी नेला म्हणून. मग खालचा हळूच म्हणाला, हिचा पगार अजून आमच्याकडूनच निघतो.

"तो मेरे पास कायकू भेजा?" वरचा ओरडला.

संध्याकाळपर्यंत खालच्याची सही झाली.

ऑपरेशन झालं. उन्हाळाभर ती घरात होती, मग गेली. हप्ते वाया गेले नसते तर वाचली असती का, हे डॉक्टरनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.