जुळणाऱ्या आणि न जुळणाऱ्या पिशव्या

रक्तपेढीत पिशवी पस्तीस दिवसांत बाद होते. किस्से मात्र साठतच जातात, त्यांना फ्रीजही लागत नाही! मी भंडाऱ्याच्या रक्तपेढीतला टेक्निशियन, मेश्राम मॅडम माझ्या सीनियर. मॅडम कधी हसत नाहीत, म्हणूनच बहुतेक किस्से त्यांच्या टेबलावर घडतात.

तुमसरचे एक राइस मिलवाले शेठ वडिलांसाठी पिशवी न्यायला आले. पिशवीवर फक्त नंबर आणि गट. शेठनी ती उलटीपालटी करून पाहिली. "मॅडम, हे हाय कोनाचं? मंजे, समाज कोनता?"

"बी पॉझिटिव्ह समाज," मॅडम म्हणाल्या.

"मंग माहंच घ्या!" तपासलं. शेठ निघाले ए पॉझिटिव्ह! बापाचा समाज वेगळा निघाल्यावर शेठ गुपचूप पिशवी घेऊन गेले.

एका वरबापानं मुलगी निगेटिव्ह निघाली म्हणून सोयरीक मोडायला काढली. पुढे लेकरांना त्रास होतो, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं. मॅडमनी आधी नवरदेवाचं बोट टोचलं. तोही निगेटिव्ह! "आता काही धोका नाही," मॅडम म्हणाल्या.

"समजलं मले," वरबाप खुलला. "मायनस-मायनस प्लस! शाळेत शिकोलं होतं." आम्ही उगाच डिप्लोमा केला.

चिखल्याच्या खाणीतल्या एका कामगाराच्या कार्डावर गट 'ओ'. पण आमची एकही ओ पिशवी त्याला जुळेना. शेवटी कळलं, हा वरवर ओ दिसणारा दुर्मिळ बॉम्बे ब्लड ग्रुप. तो भडकलाच. "बॉम्बे? आमी नागपूरच्या पुढं कधी गेलो नाही! भंडारा ग्रुप नाही काय तुमच्याजवळ?"

आणि आंधळगावचा देवराव. तळ्यात मासोळ्या धरणारा माणूस. बायकोला सिकलसेल, हिमोग्लोबिन पार खाली गेलेलं. संध्याकाळपर्यंत रक्त चढवायलाच हवं होतं. दोघांचा गट एकच, म्हणून त्यानं आल्या आल्या बाही वर केली. "माहंच काढा."

क्रॉसमॅच लावली, म्हणजे दोघांचं रक्त एकत्र करून पाहिलं, तर नळीत गाठी! तीन बाळंतपणांत तिच्या शरीरानं नवऱ्याकडून बाळांत आलेल्या अँटिजेनविरुद्ध अँटिबॉडी तयार करून ठेवल्या होत्या. हे त्याला सांगताना मला फार वाईट वाटलं.

"वीस वर्साचा संसार, न माहंच रक्त तिले वैरी?"

मॅडमनी फ्रीजमधल्या पिशव्या एकामागून एक लावल्या. पाचवी जुळली. बाई वाचली.

तीन महिन्यांनी देवराव पुन्हा खुर्चीत, बाही वर! मी वैतागलो. "अहो, तुमचं तिला चालत नाही, सांगितलं होतं ना?"

"मालूम हाय, साहेब. तिले कोन्या दुसऱ्याच बाईच्या नवऱ्यानं देल्लं. आता त्याची बायको अडली असन, तं?"